कच्चा हात

परवा नवतपा लागला. नागपुरात उन्हाळा तसा होळी पेटली की सुरू होतो, पण मेच्या अखेरीला हे जे नऊ दिवस येतात त्यांचा मान वेगळा. एरवी उन्हाच्या नावानं खडे फोडणारी माणसं या नऊ दिवसांत जरा अदबीनं बोलतात. नवतपा तापला तर पाऊस धड होतो अशी आमच्याकडे समजूत आहे. त्यामुळे तापला तर तक्रार करायची सोय नाही, आणि नाही तापला तर काळजी. दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. बायका तोंडाला ओढण्या गुंडाळून, हातात मोजे चढवून गाड्या चालवतात आणि सिग्नल लाल झाला की झाडाची सावली जिथे असेल तिथे, म्हणजे सिग्नलच्या पन्नास पावलं अलीकडेच, थांबतात. मीही तशीच थांबते.

या वर्षी कूलर बसवायला उशीर झाला. माळ्यावरून वाळ्याच्या ताट्या काढायला चढले आणि त्यांच्या मागे ताईचा पितळी गडवा, म्हणजे पाण्याचा तांब्या, हाताला लागला. तीन उन्हाळे तो तिथेच पडून होता, पार काळवंडला होता. त्याच्या काठाशी एक पोचा आहे. त्यावर माझा अंगठा गेला आणि मी शिडीवरच जरा वेळ बसून राहिले. खालून ताईनं विचारलं, "काहून वं बेबी, सापडल्या नाई का ताट्या?" मी म्हटलं, सापडल्या.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण, पुष्पा. माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. आई-बाबा लवकर गेले, तिचा नवरा त्याच्याही आधी गेला, आणि तेव्हापासून आमच्या घरात माणसं दोनच. मी चाळिशीला टेकले तरी तिच्यासाठी बेबीच आहे. तिनं मला लंबी रोटी करून वाढवलं, शिकवलं आणि पायावर उभं केलं.

लंबी रोटी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. चुलीवर मातीचा मटका पालथा घालतात आणि खाली जाळ करतात. गव्हाचं वस्त्रगाळ पीठ सैल भिजवून परातीत आपटून आपटून त्याला अशी तार आणतात, की गोळा हातावर घेतला की तो स्वतःच्या वजनानं लोंबायला लागतो. मग करणारी बाई तो या हातावरून त्या हातावर घेत घेत कोपरापर्यंत लांबवते आणि पातळ झाला की झपकन मटक्यावर पसरते. उचलायची हातानंच, घडी घालायची तीही हातानंच. चिमटा नाही, उलथणं नाही. लग्नकार्यात मटणाचा रस्सा असला की आमच्याकडे ही रोटी लागतेच, आणि लग्नं जास्त करून उन्हाळ्यात. म्हणजे बाहेर नवतपा आणि पुढ्यात मटका.

ताई रुक्मामावशीकडे काम करायची. ही मावशी नात्याची नव्हे, कामाची. तिच्या अंगणात टिनाच्या शेडखाली सहा मटके लागायचे आणि सहा बाया बसायच्या. मावशीचं एक वाक्य होतं, ते ती नव्या मुलीला पहिल्या दिवशी ऐकवायचीच: "हात मेल्याबिगर रोटी जमत नाई." म्हणजे बोटांना चटका समजेनासा झाला की बाई तयार झाली. बाकी पाचजणींचे हात दोन-तीन वर्षांत मेले होते. ताईचा पंचवीस वर्षांत मेला नाही. प्रत्येक रोटी उचलली की ती 'स्स' करायची आणि बोटं बाजूच्या गडव्यातल्या थंड पाण्यात बुडवायची. तिला सगळ्या 'कच्चा हात' म्हणून चिडवायच्या. कुणी ताईला शोधत आलं तर मावशी खुशाल सांगायची, "ते काय, तिकडं गडवावाली बसली हाये, कच्च्या हाताची." ताई हसायची. रोटी मात्र सगळ्यांत पातळ तिचीच असे, आणि पंगतीतली जुनी माणसं घडी उलगडूनच ओळखायची की ही कुणाची.

का असे, ते तिनंच मला एकदा सांगितलं होतं. "पीठ बोलते वं. कुठं जाड हाये, कुठं फाटून राहिलं, थे बोटाले सांगते. ज्याचा हात मेला त्याले काय ऐकू येनार?" तेव्हा मी शाळेत होते आणि मला ते गोष्टीतल्यासारखं वाटलं होतं. आता वाटतं, यापेक्षा सरळ भाषेत मज्जातंतूंबद्दल मला कॉलेजातही कुणी सांगितलं नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या त्या उन्हाळ्याबद्दल लिहायला बसले आहे, आणि इकडचं तिकडचंच सांगत सुटले आहे. त्या उन्हाळ्याकडे सरळ जायला पाय निघत नाही.

तो सुरू झाला तो ताईच्या एका वाक्यानं. होळी नुकतीच झाली होती. कामावरून आली, चपला काढल्या आणि दारातच भिंतीला टेकून बसली. म्हणाली, "बेबी, दुपारपावतर मी पुरते वं. मंग उरतच नाई." मी हसले. तिला अशी वाक्यं सुचतात. मी तिला तिचा नेहमीचा कोरा चहा दिला आणि म्हटलं, ऊन लागलं असेल.

आमच्याकडे उन्हाळ्यात सगळ्याला हे एकच कारण. डोकं दुखलं, ऊन लागलं. भूक गेली, ऊन लागलं. नवरा-बायकोत वाजलं तरी शेजारीण म्हणते, जाऊ दे वं, ऊन लागलं त्यायले. मग मी उन्हाचेच उपाय केले, आणि मोठ्या हौसेनं केले. कैऱ्या भाजून पन्हं केलं. पदराला बांधायला कांदा दिला. जाताना ओला रुमाल डोक्यावर ठेवायला लावला. रोज संध्याकाळी तिला खाटेवर आडवी करून काशाच्या वाटीनं तळपाय घासले, घासता घासता वाटी काळी झाली की आम्ही दोघी म्हणायचो, बघ, किती उष्णता निघाली. माझ्या लहानपणी ताईच्या तळव्याला कुणी बोट लावलं तरी ती घर डोक्यावर घ्यायची, इतक्या तिला गुदगुल्या. त्या उन्हाळ्यात मी अर्धा अर्धा तास तळवे घासत होते आणि ती शांत पडून असायची. मला वाटायचं, बिचारीला बरं वाटतंय. माझ्या हाताला गुण आहे असंही एकदा मनात येऊन गेलं.

आता मी काय काम करते ते सांगायला हवं. इतका वेळ मुद्दामच टाळलं. मी सीताबर्डीत एका पॅथॉलॉजीत रक्त घेते. सकाळी सातपासून लोकांच्या दंडाला रबरी पट्टी बांधायची, नस शोधायची, सुई टोचायची, नळीवर नाव चिकटवायचं. सोळा वर्षं हेच करते आहे. समोरच्या खुर्चीत बसणाऱ्यांपैकी निम्मे एकच सांगतात: मॅडम, थकवा जातच नाही. झोपून उठलं तरी थकवा. पायऱ्या चढलं की थकवा. रिपोर्ट येतात तेव्हा बऱ्याच वेळा दोनच गोष्टी कमी निघतात. एक ड जीवनसत्त्व, जे उन्हातून मिळतं. ज्या गावात ऊन रस्त्यावर सांडून वाया जातं त्या गावची माणसं उन्हाला भिऊन नखशिखांत गुंडाळून घेतात, आणि त्यांची हाडं उन्हावाचून उपाशी राहतात. याच्यावर आम्ही लॅबमध्ये विनोदही करतो. दुसरं बी-बारा. ते मटण, मासळी, अंडं, दूध-दही यांतून येतं, आणि अंगातला जुना साठा वर्षानुवर्षं पुरत असल्यामुळे तो संपला हे पटकन कळत नाही. आधी नुसता थकवा येतो. मग मुंग्या येतात. मग हातापायांच्या नसा हळूहळू मुक्या होतात. हे मी अनोळखी माणसांना रोज सांगायचे. "हातापायाला मुंग्या येतात का? दूध-दही घेता का?" असं विचारून विचारून माझ्या तोंडाला ते वळण पडलं होतं. संध्याकाळी घरी येऊन मी काशाची वाटी घ्यायची. दिव्याखाली अंधार असतो म्हणतात. दिव्याला ते ठाऊक नसतं एवढंच.

एप्रिलच्या शेवटी एक दिवस रुक्मामावशी स्वतः आमच्या घरी आली, पेढ्यांचा पुडा घेऊन. म्हणाली, "घे बेबी, तोंड गोड कर. तुह्या बहिनीचा हात मेला." सकाळी मावशीनं मटक्याजवळ बसून पाहिलं होतं. ताईनं ओळीनं रोट्या उचलल्या, एकदाही 'स्स' केलं नाही आणि एकदाही गडव्यात बोट घातलं नाही. मग मावशीनं सगळ्या बायांसमोर तो गडवा उचलला, त्यातलं पाणी अंगणात ओतून दिलं आणि रिकामा गडवा ताईच्या हाती दिला. बायांनी टाळ्या वाजवल्या. पंचवीस वर्षांनी का होईना, कच्चा हात पक्का झाला होता.

ताई लाजत होती. मी पेढा खाल्ला. दोन खाल्ले. गडवा मी माळ्यावर ठेवला, म्हटलं आता याचं काय काम. आजाराचे पेढे वाटले आम्ही, आणि खाल्ले. कितीही वर्षं गेली तरी त्या पेढ्यांची चव माझ्या तोंडातून जाणार नाही.

त्यानंतर ताईच्या रोट्या फाटायला लागल्या. आधी एखादी, मग चार-सहा, मग ओळीनं. कुठे जाड, कुठे भोक. मावशी म्हणाली, गहूच खराब आला यंदा. कळमन्याच्या बाजारात जाऊन तिनं दुसऱ्या अडत्याकडचा गहू आणला. मग चक्की बदलली. मग पाणी जड आहे असं ठरलं. ताई कधी मीठ घालायचं विसरायची, कधी दोनदा घालायची. मावशी कानात म्हणाली, पाळी जायचं वय हाये, होते असं बाईचं. कारणं काही थोडी नव्हती. गहू, चक्की, पाणी, वय आणि सगळ्यांच्या वर ऊन. बाई थकली की आपल्याकडे तिच्या थकण्याला दहा कारणं तयार असतात, म्हणून अकरावं कुणी शोधत नाही. मीही शोधलं नाही, आणि शोधणं हे तर माझं रोजचं काम.

घरी आली की ती पडायची. स्वयंपाक मी करायचे. एका रात्री जेवताना तिनं घास तोंडात घेतला आणि चावायचंच थांबली. म्हणाली, "चावाचाही कटाळा येऊन राहिला वं." मला राग आला. खरं तेच लिहिते. मी म्हटलं, "ताई, जरा मनानं घे. सारखं काय गळून पडायचं? लोक बघ किती कामं करतात." तिनं मान हलवली आणि सगळं ताट संपवलं, माझ्यासाठी. नंतर मोरीशी जाऊन ओकली.

आणि मग नवतपा. कन्हानला एका लग्नाची मोठी ऑर्डर होती. मावशीनं सगळ्यांना टेंपोतून नेलं होतं. काम आटोपून दुपारी तीनच्या सुमाराला टेंपोनं ताईला आमच्या चौकात सोडलं. चौकापासून घर चार-पाचशे पावलं. त्या दिवशी मला सुट्टी होती. दार उघडलं तर ताई उभी, घामानं डबडबलेली, आणि तिच्या एकाच पायात चप्पल.

मी हसले. खरंच हसले. म्हटलं, "दुसरी कुठं नवरदेवाला दिली का?" तिनं खाली पाहिलं. तिलाही हसू आलं. म्हणाली, "अगं माय, कुठं निसटली काय मालूम." आणि आत आली. तिच्यामागे फरशीवर पाऊल उमटलं. ओलं पाऊल. एकच. मला वाटलं नळाखालून आली असेल.

मग मी तिचा पाय हातात घेतला. चारशे पावलं डांबरावरून, नवतप्यातल्या दुपारी तीनच्या डांबरावरून ती अनवाणी आली होती. तळव्याचं कातडं फोडांनी सुटलं होतं आणि त्यातलं पाणी फरशीवर येत होतं. आणि ती माझ्याकडे बघून विचारत होती, "काय झालं वं? असं काहून पाहून राहिली?" मी फोडावर बोट टेकवलं. ती तशीच बघत राहिली. मी जरा दाबलं. तिचा चेहरा हलला नाही.

त्या क्षणी सगळा उन्हाळा माझ्यासमोर उलटा उलगडला. पेढे, गडवा, शांत पडलेले तळवे, चावायचा राहिलेला घास. तिचा पाय गार पाण्याच्या बादलीत ठेवला. आतून माझी कामाची पेटी आणली, तिच्या दंडाला पट्टी बांधली. एरवी मला नस पहिल्याच टोचणीत सापडते. त्या दिवशी नस दुसऱ्या टोचणीत सापडली, आणि ताई म्हणाली, "हळू कर, घाई कायची हाये?"

रिपोर्टमध्ये बी-बारा इतकं कमी होतं, की आमच्या डॉक्टरांनी यंत्राची चूक असेल म्हणून तेच रक्त पुन्हा लावलं. यंत्राची चूक नव्हती. नसांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासून सांगितलं, इंजेक्शनं सुरू करू, थकवा महिन्या-दोन महिन्यांत जाईल, हातापायाचं मात्र सांगता येत नाही, उशीर झालाय. मग त्यांनी ताईला विचारलं, मांस-मच्छी, अंडं खाता का? ताई म्हणाली, नाही. कधीपासून? ताई म्हणाली, पहिल्यापासूनच आवडत नाही. दूध? दूध पचत नाही. आणि मी खाली बघत राहिले, कारण मला आठवत होतं, की मी लहान असताना हीच ताई नळीच्या हाडासाठी माझ्याशी भांडायची.

बाहेर बाकड्यावर रुक्मामावशी बसली होती. ती मला एका बाजूला घेऊन गेली. म्हणाली, "तुले सांगू नको म्हनली होती. पन आता सांगनंच पडते." मी बारावीला असताना मला कावीळ झाली होती. डोळे पिवळे, अंग पिवळं, दवाखान्यात तीन आठवडे, एक आठवडा तर शुद्धही नव्हती. मला एवढंच माहीत होतं. मावशीनं पुढचं सांगितलं. त्या आठवड्यात ताई एकदा कामावर आली, मटक्यासमोर बसली आणि समोर शिजत असलेल्या मटणाच्या मोठ्या गंजाकडे बघून म्हणाली, ही पोरगी उठली तं मी हे जन्मभर तोंडाले लावनार नाई. दूधही नाई, दहीही नाई. आवडते तेवढं सगळं सोडलं. "अन् तू उठली," मावशी म्हणाली.

घरी येऊन मी ताईला सरळ विचारलं, "तू नवस बोलली होतीस माझ्यासाठी?" ती एकदम कडक झाली. आमच्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव कन्हान नदीत सोडले होते आणि नवस-सायासही त्यांच्याबरोबरच सोडले, हे ताईनंच मला शिकवलं होतं. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, तिच्याकडे हात करून ती म्हणाली, "नवस आपल्यात करत नाईत. मी कोनाले काई मागितलंच नाई. मी नुसतं सोडलं."

"मग आता पुन्हा धर. डॉक्टर सांगतात."

"सोडलेलं धरत नसतात वं."

"अगं, मी बरी झाले ना? वीस वर्षं झाली. ठणठणीत आहे ना मी तुझ्यासमोर?"

"म्हनूनच तं," ताई म्हणाली.

मी लोकांना जीवनसत्त्वांचं ज्ञान पाजणारी बाई. माझ्या अंगात जे रक्त वीस वर्षं नीट वाहतंय त्याचा आणि तिच्या सोडण्याचा काही संबंध नाही, हे मी कागदावर सिद्ध करून दाखवू शकते. पण तिच्या बोटांच्या मुकेपणाचा आणि त्या सोडण्याचा संबंध आहे, हेही मलाच सिद्ध करता येतं. मी जगले म्हणून तिनं सोडलं, आणि सोडलं म्हणून ती विझत गेली. या वाक्याला मी कुठूनही धरलं तरी ते माझ्याच हातात येतं.

इंजेक्शनं सुरू झाली. आधी दिवसाआड, मग आठवड्याला, आता महिन्याला. मीच देते. त्यात मांस नाही, दूध नाही, हे तिला डबी दाखवून पटवावं लागलं. डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. थकवा गेला. पावसाळा संपेतो ताई पहाटे पाचला उठायला लागली. झाडायची, अंगण सारवायची, गल्लीतल्या चिमण्यांसाठी पाणी भरून ठेवायची, दुपारीही आडवी व्हायची नाही. म्हणायची, "आता मी दिवसभर पुरते, वरून उरते." आणि मग स्वतःच्या हातांकडे बघायची. अंगात एवढं बळ परत आलं, आणि ते ज्यातून बाहेर पडायचं ते हात बंद. थकलेली होती तेव्हा निदान तिला त्याचं दुःख करायलाही त्राण नव्हतं.

तिला ब्लाउजची हुकं लावता येत नाहीत, मी लावते. तांदूळ निवडताना खडा समजत नाही. मावशीनं तिला शिकवायला बोलावलं, नव्या मुली आल्या होत्या. ताई चार दिवस गेली. मुलगी पीठ आपटत होती, ताई विचारत होती, "कसं लागून राहिलं?" मुलगी म्हणाली, मऊ. "किती मऊ?" मुलीला सांगता येईना. ताईनं स्वतः परातीत हात घातला, बराच वेळ घालून ठेवला, मग धुतला आणि घरी आली. पाचव्या दिवशी गेली नाही.

मी मात्र आशा सोडली नव्हती. नसा हळू सुधारतात, वर्ष लागतं, दोन लागतात, हे मला माहीत आहे. दर महिन्याला इंजेक्शन दिलं की मी तिची परीक्षा घेते. ती डोळे मिटते, हात पुढे करते, मी कापसाचं टोक तिच्या एकेका बोटाच्या शेंड्याला लावते आणि तिनं सांगायचं, कोणतं बोट. पहिलं वर्ष काहीच नाही. दुसऱ्या वर्षी कधी अंगठा समजायचा. आणि गेल्या हिवाळ्यापासून तर जादू झाली. अंगठा, मग शेजारचं, मग मधलं, एकेक करत ती बरोबर सांगायला लागली. गेल्या महिन्यात पाचही. मी तिथेच तिच्या मांडीत डोकं घालून रडले. दुसऱ्या दिवशी रुक्मामावशीला फोन करून सांगितलं, दिवाळीनंतरच्या लग्नांना ताई बसेल मटक्यावर, जागा ठेवून दे. मावशीनं फोनवर नुसतं नाक ओढलं.

म्हणून परवा तो गडवा सापडल्यावर मी तो खाली आणला, चिंच लावून घासला. लखलखीत निघाला. ताईसमोर ठेवला. म्हटलं, हा लागेल आता. कच्चा हात परत आलाय. ताई गडव्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "भलताच चमकून राहिला वं." मला वाटलं, भरून आलं असेल.

आज रविवार. इंजेक्शनचा दिवस. सकाळीच उरकून घेतलं. कूलर सुरू होता, ताट्यांचा ओला वास घरभर होता. ताईनं नेहमीसारखे डोळे मिटले आणि हात पुढे केला. मी कापसाची वात वळत होते, तेवढ्यात कूलरनं पाणी फेकलं आणि वात पार भिजली. मी दुसरा कापूस घ्यायला पेटीकडे वळले.

"अंगठा," ताई म्हणाली.

मी थांबले. तिचे डोळे मिटलेले होते. चेहरा शांत, अगदी लक्ष देऊन ऐकल्यासारखा. थोडा वेळ जाऊ देऊन ती म्हणाली, "हे शेजारचं." पुन्हा तेवढाच वेळ. "मधलं." मी दोन हात दूर उभी होते, हातात कोरडा कापूस. मी दर महिन्याला याच क्रमानं जाते. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. कधीही उलटं गेले नाही, कधीही मधलं बोट चुकवलं नाही. रोज नस शोधणाऱ्या बाईला हे सुचलं नाही. "हे करंगळीच्या जवळचं," ताई म्हणाली. "आन् ही करंगळी."

मग तिनं डोळे उघडले. मी तोवर परत तिच्यासमोर येऊन बसले होते.

"पाचही बरोबर, नाई का?" तिनं विचारलं. "आता तं तुहा घोर गेला ना बेबी?"

मी कापूस पेटीत ठेवला आणि पेटी बंद केली.

"गेला," मी म्हटलं. "पाचही बरोबर, ताई."